चौकट आणि अंकओळख

जुन्या पद्धतीचें घर बांधतांना दाराची चौकट आधीं उभी करितात आणि भिंत मग तिच्या अंगाअंगानें वर येते. चौकटीस हळदकुंकू लागतें, तिच्यावर तोरण चढतें. त्या वेळीं भिंतीचा पत्ताहि नसतो. गवंड्याला चौकट हें बंधन वाटत नाहीं. दार कोणत्या अंगास उघडावयाचें, आंत येणारानें किती वाकावयाचें, हे प्रश्न तिनें एकदां सोडविले म्हणजे त्याचें अर्धें डोकें मोकळें होतें. संगणकविद्येंत ज्या वस्तूला 'फ्रेमवर्क' म्हणतात तिला मराठींत 'चौकट' हाच शब्द आम्हांस सर्वांत योग्य वाटतो. गेलें वर्षभर अशा एका चौकटीशीं आमचा जो सहवास घडला, त्यांतून निघालेले कांहीं विचार वाचकांपुढें ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

खुलताबादेसारख्या गांवीं, पन्नाशी उलटलेल्या आणि उभा जन्म मराठीचें व्याकरण शिकविण्यांत घालविलेल्या माणसानें जावास्क्रिप्ट शिकावयास बसावें, हें ऐकून पुष्कळांस हसूं येईल. आमचें गांव बाहेरच्या जगास ठाऊक आहे तें थडग्यांसाठीं. औरंगजेब येथें, मलिक अंबर येथें, पहिला निजाम येथें. बुऱ्हाणुद्दीन गरीब आणि झैनुद्दीन शिराझी या सूफी संतांचे दर्गेहि येथेंच. यात्रेकरू भद्रा मारुतीचें दर्शन घेतो व वेरुळाकडे उतरतो. या गांवांत जिवंत माणसें राहतात आणि त्यांचे हिशेब असतात, हें त्याच्या ध्यानांतहि येत नाहीं. ते हिशेब हेंच आमच्या शिकण्याचें कारण झालें. आमच्या गल्लींतील बारा स्त्रियांचा एक बचतगट आहे. दरमहा प्रत्येकीनें शंभर रुपये भरावे, गरजवंत सभासदास त्यांतून कर्ज द्यावें आणि सर्व नोंद एका लांबट वहींत ठेवावी, असा त्यांचा क्रम. वही ज्यांच्या हातीं, त्या बाई सातवीपर्यंत शिकलेल्या. अक्षर टपोरें, बेरीज अचूक. परंतु वही एक आणि पाहणाऱ्या बारा. प्रत्येकीस आपली बाकी आपल्या फोनवर दिसावी, अशी त्यांची इच्छा होती. ती पुरी करावयाची तर एक वेब ॲप, म्हणजे ब्राउझरांत उघडणारी चालती वही, तयार करणें प्राप्त होतें. तयार वह्या बाजारांत नव्हत्या असें नाहीं. पण त्यांचें वळण निराळें. बाईंनीं आपली वही सोडून परक्या वहीच्या तंत्रानें चालावें, हें आम्हांस रुचेना. म्हणून स्वतःच शिकावयाचें ठरविलें.

ज्या भाषेंत हें काम करावयाचें तिची जन्मकथा मौजेची आहे. १९९५ च्या मे महिन्यांत नेटस्केप कंपनींतील ब्रेंडन आइक या गृहस्थानें तिचा पहिला नमुना अवघ्या दहा दिवसांत सिद्ध केला. प्रथम तिचें नांव मोका, नंतर लाइव्हस्क्रिप्ट, आणि वर्ष संपण्यापूर्वीं जावास्क्रिप्ट. जावा या दुसऱ्या भाषेचा त्या काळीं मोठा बोलबाला होता; नांवापलीकडे दोघींचें नातें फारसें नाहीं. १९९७ सालीं तिचें प्रमाण रूप ठरलें. तत्पूर्वीं ब्राउझरांतील पान बहुतांशीं छापील कागदासारखें मुकें असे. या भाषेनें त्याला वाचा दिली. वाचणारानें बोट ठेवावें आणि पानानें त्यास जागच्या जागीं उत्तर द्यावें, हें तिच्यामुळें शक्य झालें.

परंतु बोलूं लागलेल्या पानाला एकवाक्यता शिकविणें कठीण असतें. बचतगटाचेंच उदाहरण घेऊं. एका सभासद स्त्रीनें शंभर रुपये भरले. आतां तिच्या नांवापुढील जमा वाढली पाहिजे, गटाची एकूण शिल्लक वाढली पाहिजे, आणि ज्यांचा हप्ता राहिला आहे त्यांच्या यादींतून तिचें नांव गळलें पाहिजे. रक्कम एक, पण पानावर तिच्या खुणा तीन ठिकाणीं. जुन्या रीतीनें लिहिणारा ही तिन्ही ठिकाणें हातानें पुसतो व हातानेंच पुन्हां लिहितो. तीनांचीं तीस झालीं कीं एखादें ठिकाण राहून जातें. मग शिल्लक एक सांगते, यादी दुसरें सांगते. पैशाच्या व्यवहारांत अशा दोन जिभा होणें म्हणजे बारा घरांत बारा संशय शिरणें होय.

चौकटीचा जन्म या अडचणींतून झाला आहे. आम्ही जी शिकलों ती 'रिॲक्ट'. फेसबुक कंपनींतील जॉर्डन वॉक या अभियंत्यानें ती रचिली आणि २०१३ च्या मे महिन्यांत ती सर्वांस खुली झाली. काटेकोरपणें बोलावयाचें तर तिचे कर्ते तिला चौकट म्हणत नाहींत, 'लायब्ररी' म्हणतात. पण ती पत्करणारास आपल्या सर्व रचनेचें वळण तिच्याप्रमाणें बदलावें लागतें, म्हणून लोकव्यवहारांत तिची गणना चौकटींतच होते. तिचें मर्म आम्हांस पुस्तकापेक्षां आमच्या भाचीच्या एका वाक्यांत अधिक सांपडलें. ती छत्रपती संभाजीनगरास अभियांत्रिकी शिकते. आमची खटपट थोडा वेळ पाहून ती म्हणाली, "मामा, तुम्ही सारखी पाटी पुसता. पुसायचं काम तिचं. पाटीवर काय असायला पाहिजे, तेवढंच तुम्ही सांगा."

या वाक्याचा विस्तार करूं. सत्य एकाच जागीं ठेवावें. त्या जागेला ते 'स्टेट' म्हणतात, आम्ही 'स्थिति' म्हणतों. कोणी किती भरलें, कोणी किती घेतलें, एवढीच आमची स्थिति. शिल्लक, बाकी, राहिलेल्यांची यादी या गोष्टी जवळ सांठवावयाच्या नाहींत. स्थितीवरून त्या दर वेळीं काढावयाच्या. स्थिति अशी असेल तर पान असें दिसावें, एवढा नियम आपण लिहावा. स्थिति पालटली कीं चौकट नव्या पानाचें चित्र आधीं आपल्या स्मरणांत रेखाटते, जुन्या चित्राशीं तें ताडून पाहते, आणि जेथें भेद असेल तेवढाच भाग खऱ्या पानावर बदलते. व्याकरण शिकविणारास यांत परकें असें कांहीं नाहीं. धातूचीं सर्व रूपें कोणी पाठ करून ठेवीत नाहीं. धातु आणि प्रत्यय ठाऊक असले म्हणजे रूप हवें तेव्हां सिद्ध करितां येतें. आमची स्थिति हा धातु, आणि पान हें त्याचें चालविलेलें रूप.

दुसरें मर्म प्रवाहाच्या दिशेचें. पानाचे लहान लहान घटक करून ते एकांत एक बसवावयाचे असतात: गटाचा घटक मोठा, त्याच्या पोटांत सभासदाचा, त्याच्या पोटांत रकमेचा. वरच्या घटकाकडून खालच्यास जें मिळतें त्याला त्यांचा शब्द 'प्रॉप्स'. आम्ही आमच्या टिपणवहींत 'शिदोरी' असा शब्द योजिला. शिदोरी वरून खालीं येते आणि खालच्या घटकास ती बदलण्याची मुभा नाहीं. त्याला कांहीं बदल हवा असेल तर त्यानें वर निरोप पाठवावा. वरच्यानें स्थिति बदलावी. मग नवी शिदोरी आपोआप खालीं येते. प्रथम हा नियम आम्हांस जाचक वाटला. शेवटीं तो पटला तो आमच्याच गांवांत चिरविश्रांति घेत असलेल्या एका पुरुषाच्या कर्तृत्वामुळें. मलिक अंबरानें १६१० मध्यें खडकी शहर वसविलें, तेंच आजचें छत्रपती संभाजीनगर. त्या शहरास पाणी पुरविण्यासाठीं त्यानें जमिनीच्या पोटांतून नहर नेली. नहर-ए-अंबरी या नांवानें ती प्रसिद्ध आहे. तींत पाणी चढावरून उताराकडे वाहतें, उलट कधींहि नाहीं. खालच्या पेठेंतील माणसास अधिक पाणी हवें असेल तर तो पाणी मागें ढकलीत नाहीं. वर सांगून पाठवितो. आणि पाणी कोठें अडलें हें शोधावयाचें असेल तर उगमापासून एकाच दिशेनें चालत यावें, म्हणजे जागा सांपडते. चौकटीचा नियमहि याच सोयीसाठीं आहे. बेरीज कोठें बिघडली हें शोधणारास दाही दिशा धुंडाळाव्या लागत नाहींत.

येथवर आम्हांस या विद्येचें कौतुकच वाटत होतें. पुढें जें घडलें त्यानें कौतुकास विचाराची जोड मिळाली. चालती वही बाईंच्या हातीं दिली, तेव्हां त्यांनीं रकमेच्या रकान्यांत, आपल्या फोनच्या मराठी कळफलकावरून, '१००' हा आंकडा उमटविला. बेरजेच्या जागीं तीन इंग्रजी अक्षरें उभीं राहिलीं: एन्, ए, एन्. 'हा अंक नव्हे' या अर्थाच्या वाक्याचा तो संक्षेप आहे. बाईंनीं फोन आमच्याकडे वळविला आणि शांतपणें विचारलें, "सर, आकडा तर नीट लिवलाय म्या. ह्याला वाचता येत न्हाई व्हय?"

प्रश्न बिनतोड होता. जावास्क्रिप्टला एखाद्या मजकुराचा अंक करावयास सांगितलें, तर ती इंग्रजी वळणाचे अंक तेवढे ओळखते. देवनागरी अंकांस ती अंक म्हणतच नाहीं. गंमत अशी कीं, ते इंग्रजी वळणाचे अंकहि मूळचे हिंदुस्थानांतलेच. येथून अरबांकडे आणि अरबांकडून युरोपांत गेलेले. विलायतेस जाऊन आलेला भाऊ ओळखूं यावा आणि घरीं राहिलेला ओळखूं येऊं नये, तसा हा प्रकार. त्याहून विलक्षण गोष्ट पुढेंच आहे. हीच भाषा, मराठी पद्धतीनें अंक लिही असें म्हटलें, तर १,२३,४५६ असा लाखांच्या जागीं स्वल्पविराम देऊन शुद्ध देवनागरी आंकडा लिहिते! लिहितां येतें पण वाचतां येत नाहीं, असा विद्यार्थी आमच्या तीस वर्षांच्या अध्यापनांत आम्हांस भेटला नव्हता.

उपाय सोपा होता. युनिकोड नांवाच्या प्रमाणसंहितेंत १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीस जागा आहे. तींत देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आणि इंग्रजी शून्याचा ४८. पुढचे नऊ अंक दोन्हीकडे ओळीनें येतात. तेव्हां प्रत्येक देवनागरी अंकाच्या क्रमांकांतून २३५८ वजा केले कीं त्याचा विलायती भाऊ हातीं लागतो. चार ओळींचें काम. त्या लिहून झाल्यावर बाईंचें '१००' यंत्रानें निमूटपणें जमेस धरिलें.

पण चार ओळींचा उपाय जगांत इतका सुलभ असतां त्याची गरज तेथवर कोणास भासली नाहीं, याचें कारण काय? दुष्टपणा खचित नव्हे. भाषा रचणाऱ्यांच्या कचेरींत देवनागरींत हप्ता लिहिणारें कोणी बसत नव्हतें, इतकेंच. चौकट सत्य आणि चित्र यांचा मेळ उत्तम राखते; परंतु कोणाचें सत्य आंत घ्यावयाचें, हें ती ठरवीत नाहीं. तें ठरतें वहीजवळ बसलेल्या माणसाकडून. बाईंनीं इंग्रजी अंक गिरवावे, अशी सूचना एका सुशिक्षित स्नेह्यानें केली होती. बाईंनीं तें केलेंहि असतें. पण त्याच क्षणीं त्यांची अचूक बेरीज त्यांच्या स्वतःच्या दृष्टीनें कमी दर्जाची झाली असती, आणि वही त्यांची न राहतां आमची झाली असती.

आतां एका आक्षेपाचा विचार करणें अवश्य आहे. कोणी म्हणेल कीं, ही विद्या फार अल्पायुषी. तिच्यासाठीं उतारवयांत एवढा खटाटोप कशास? आक्षेप निराधार नाहीं. गूगल कंपनीची 'अँग्युलर-जेएस' ही चौकट २०१० मध्यें आली. २०१६ मध्यें तिची जुनीशीं न जुळणारी नवी पिढी निघाली, आणि जुनीचा सांभाळ २०२१ च्या अखेरीस संपला. रिॲक्टमध्यें स्थिति बाळगणारे घटक पूर्वीं 'क्लास' या रूपांत लिहीत. २०१९ च्या फेब्रुवारींत 'हुक' आले आणि ती रीत मागें पडली. नव्या ॲपचा पाया घालून देणारें 'क्रिएट रिॲक्ट ॲप' हें साधन २०१६ पासून असंख्य शिकाऊंनीं वापरिलें. २०२५ च्या फेब्रुवारींत त्यासहि निवृत्ति मिळाली. जें आज शिकावें तें दहा वर्षांनीं स्मशानांत शोधावें लागणार, हें उघड आहे.

परंतु खुलताबादेंत राहणारास हा आक्षेप फारसा भिववीत नाहीं. एकूणपन्नास वर्षें राज्य केलेल्या बादशहाची कबर येथें उघड्या आकाशाखालीं आहे. टिकाऊपणाच्या गर्वाविषयीं तिच्याहून अधिक आम्ही काय सांगणार? मलिक अंबर १६२६ मध्यें गेला. त्यानें घातलेले नळ कोठें फुटले, कोठें बुजले. पण पाणी उताराकडे वाहतें, हा नियम कांहीं जुना झाला नाहीं. त्याचप्रमाणें हुक जातील, रिॲक्टहि जाईल. सत्य एका जागीं ठेवावें, बाकीचें त्यावरून काढावें, आणि बिघाड शोधतां येईल अशा एकाच दिशेनें सर्व वाहूं द्यावें, ही शिस्त पुढच्या चौकटींतहि उपयोगी पडेल. बाईंच्या कागदी वहींत ती आधींपासून होतीच. जमाखर्च एकीकडे आणि बाकी त्यावरून काढलेली, हाच तिचा क्रम होता.

म्हणून आमचें म्हणणें एवढेंच कीं, ही विद्या पुण्यामुंबईच्या तरुणांची मिरास समजून लहान गांवांतील प्रौढांनीं दूर बसूं नये. तिचीं पुस्तकें इंग्रजींत आहेत, शब्द परके आहेत, पहिले चार महिने डोळ्यांपुढें धुकें असतें, हें सर्व खरें. पण त्या भाषेस कोठें कोठें वाचतां येत नाहीं, हें तिच्या घरीं बसून कळण्याजोगें नाहीं; तें कळतें गल्लींतल्या वहीपाशीं. ज्याला वही ठाऊक आहे त्यानें चौकट शिकावी. केवळ चौकट जाणणाऱ्यास वही शिकविणें त्याहून पुष्कळ अवघड आहे. सांप्रत आमच्या गटांतील बाराहि जणी आपली बाकी आपल्या अंकांत वाचतात. कागदी वही बाईंनीं बंद केलेली नाहीं. महिनाअखेर दोन्ही बेरजा त्या ताडून पाहतात. यंत्र आतां वाचावयास शिकलें आहे, तरी परीक्षक त्याच आहेत, आणि ही व्यवस्था आम्हांस सर्वथा योग्य वाटते.