सुपारीत कोको लावू की कॉफी? आमच्या घरातला हिशेब



मागे विहिरीजवळच्या कोकोच्या झाडाचा फोटो टाकला होता. बऱ्याच जणांनी विचारलं, सुपारीत कोको बरा की कॉफी? आमच्या घरात दोन वर्षं हाच वाद चाललाय. म्हणून बघितलं-केलं तेवढं लिहितो.

२०२४ च्या उन्हाळ्यात केरळात सुक्या कोकोचा दर किलोला हजार रुपयांच्या वर गेला. मुलाने मोबाईलवर दाखवलं. म्हणाला, "बाबा, सुपारीत कोको लावया. तीनशे झाडां." मी नको म्हटलं. कारण मात्र सांगितलं नाही.

कारण ते विहिरीजवळचं झाड. मी शाळेत असताना वडिलांनी पन्नासेक कोको लावले होते. झाडं धरायला लागली आणि १९८० नंतर दर कोसळला. तेव्हा केरळातही लोकांनी झाडं तोडली. आमच्याकडे तर घ्यायलाच कोणी नव्हतं. आम्ही पोरं फळं फोडून गर चोखायचो आणि बिया फेकून द्यायचो. एके वर्षी वडिलांनी कोयता घेतला आणि एका दिवसात सगळी तोडली. एकच ठेवलं. त्यानंतर कोकोचं नाव त्यांनी काढलं नाही.

मुलगा ऐकेना, तेव्हा गेल्या जानेवारीत दोघं पुत्तूरकडे गेलो. तिथे सुपारीच्या दोन ओळींत कोको, एक ओळ सोडून एक. फुलं-फळं फणसासारखी थेट खोडावर. फळ पाच-सहा महिन्यांत पिकतं, पण एकदम नाही. थोडं थोडं वर्षभर, जोर दोनदा. नवरा-बायको पंधरा दिवसांनी एक फेरी मारतात, काम संपलं. तिथे कॅम्पको ओल्या बियाही विकत घेते. १९८६ साली त्यांचा चॉकलेट कारखाना पुत्तूरला सुरू झाला, म्हणून तिथला कोको टिकला.

मग शिराडी घाट चढून सकलेशपूरकडे कॉफी बघितली. कॉफीचं फूल फांदीवर येतं, जाईसारखा वास. फेब्रुवारी-मार्चमध्ये एक सर पडली की सगळी बाग एकदम फुलते, म्हणून तोडणीही सगळी दोन-तीन महिन्यांत. त्या दिवसांत माणसं मिळाली नाहीत तर फळं झाडावर सुकून खाली पडतात, आणि त्यातच पोखरणारा भुंगेरा वाढतो. एक गोष्ट मात्र कॉफीची चांगली. फळं खळ्यावर वाळवली, खुळखुळ वाजायला लागली, की पोत्यात भरून ठेवता येतात. दर बघून विका.

आता आपल्याकडचं. अरेबिका कॉफीला हजार मीटरच्या आसपास उंची लागते. चिखलदऱ्याला होते ती त्यामुळेच. आमची बाग शंभर मीटरवर पण नाही. रोबस्टा खाली येते, पण फेब्रुवारीत आमच्याकडे पाऊस कुठला? तुषार लावून फुलवावी लागेल, आणि त्याच महिन्यांत विहिरीचं पाणी सुपारीला पुरत नाही. शिवाय तोडणीला माणसं आणायची कुठून? तेव्हा कॉफी आमच्यापुरती बाद.

कोकोचा त्रास वेगळा. पावसात फळ काळं पडतं. ती बुरशी सुपारीच्या कोळेरोगाच्याच जातकुळीतली, म्हणजे बोर्डोची फवारणी आलीच. खारी-उंदीर फळं पोखरतात. पण खरी गोम फळ फोडल्यावर आहे. बिया त्याच दिवशी आंबायला घालाव्या लागतात. सहाएक दिवस झाकून ठेवायच्या, मधे उलटायच्या, मग वाळवायच्या. ओल्या तीन किलोच्या सुक्या साधारण एक किलो.

घरी येऊन मी विहिरीजवळच्या झाडाची तीसेक फळं फोडली, तीन किलो बिया केळीच्या पानात गुंडाळून टोपलीत ठेवल्या. चौथ्या दिवशी हात घातला तर थंडगार! सातव्या दिवशी पांढरी बुरशी. पुत्तूरला ढिगात हात ठेववत नव्हता इतकी ऊब होती. मला वाटलं होतं पान कमी पडलं. नंतर कळलं, ढीगच लहान होता. थोड्या बिया स्वतःची ऊब धरत नाहीत. बायको एवढंच म्हणाली, "आणि चांगले झाले असते तरी घेवक कोण येतलो?"

त्या रात्री मुलाला वडिलांच्या कोयत्याची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. सकाळी म्हणाला, "मगे एकट्यान नको. वाडीत इचारया."

तर ठरलंय ते असं. पाच घरं, प्रत्येकी चाळीस झाडं. फळं एकाच दिवशी फोडायची, ढीग एक. एप्रिल ते जूनचा बहर पावसात सापडतो, म्हणून वाळवायला प्लास्टिकचं छप्पर आधी. आणि घेणाऱ्याशी बोलणं झाल्याशिवाय एकही खड्डा मारायचा नाही. हजाराचा दर नंतर उतरलाच. तो आयव्हरी कोस्ट आणि घानात पीक बुडालं म्हणून चढला होता, आपल्या हातात त्यातलं काहीच नव्हतं.

सिंधुदुर्गात किंवा गोव्यात ओला कोको नियमित घेणारं कोणी माहीत असेल तर खाली लिहा. दर कमी असला तरी चालेल, पण दर वेळी घेणारा हवा. खड्डे मेमध्ये मारायचेत.