अर्ध्याला अर्धंच म्हणावं

नगर,
लेंटचा तिसरा आठवडा

चि. बाळीस,


तुझं पत्र सोमवारी मिळालं. एरवी आपण फोनवरच बोलतो, म्हणून पाकिटावर तुझं अक्षर पाहिलं आणि आधी काळजीच वाटली. नाइट ड्यूटी संपवून, न झोपता, हॉस्टेलच्या गादीवर बसून लिहिलं आहेस, हे ओळी उतरत गेल्या आहेत त्यावरून कळतं. चार रविवार उपासना बुडाली. सकाळची प्रार्थना बसमध्ये डुलकी लागेपर्यंतच होते. मोबाइलवर रोजचं वचन येतं, पण ते वाचून होण्याआधीच बोट पुढे सरकतं. खोलीतली मैत्रीण चाळीस दिवसांचा उपास करते, तिच्याकडे पाहून तुला स्वतःची लाज वाटते. आणि शेवटी लिहिलंस, "आत्या, मी कोमट झाले."

लगेच उत्तर लिहायला बसले असते तर तुझी समजूत काढली असती. तुला ती नको आहे, हे मला कळलं. म्हणून दोन दिवस थांबले.

आधी त्या शब्दाविषयी. तो तू प्रकटीकरणातून घेतलास, लावदिकीयाच्या मंडळीला पाठवलेल्या निरोपातून. आम्हाला शब्बाथशाळेत सांगायचे की गरम म्हणजे आवेशी, थंड म्हणजे देवाला सोडून गेलेला, आणि कोमट तो धड इकडचा ना तिकडचा. मी नर्सिंग शिकत असताना एका पाळकसाहेबांनी फळ्यावर त्या भागाचा नकाशाच काढला. लावदिकीया आजच्या तुर्कस्तानात येतं. जवळच हेरापली, तिथे गरम पाण्याचे झरे. दुसऱ्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी कलस्सै, तिथे गार पाणी. कलस्सैकरांस पत्राच्या शेवटी पौल या शेजारच्या गावांची नावं एकत्र घेतो, ते मी तोवर नुसतं वाचत गेले होते. लावदिकीयाला मात्र पाणी नळांतून लांबून आणावं लागे. पाळकसाहेब म्हणाले, गरम पाणी चांगलं आणि गार पाणीही चांगलं. एकाने दुखणं हलकं होतं, दुसऱ्याने तहान भागते. कोमटाने यातलं काहीच होत नाही.

त्या दिवशी दुपारीच माझी वॉर्डमध्ये पाळी होती. एका बाईच्या पोटाला गरम पाण्याची पिशवी दिली आणि शेजारच्या खाटेवरच्या तापाने फणफणलेल्या मुलाच्या कपाळावर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवत बसले. तेव्हा मला जे उमगलं ते अजून पुसलेलं नाही. आपल्या मनात किती ऊब आहे हे प्रभू त्या निरोपात विचारत नाही. दारात दुखणं घेऊन आलेल्याला, तहानलेल्याला आपला उपयोग झाला का, हे विचारतो.

आणि त्या मंडळीचा खरा दोष तर पुढच्याच वाक्यात आहे. आपण संपन्न आहोत, आपल्याला काही कमी नाही, असं ते म्हणत होते. तू नेमकं उलट लिहिलंस. जी पोरगी रात्रभर उभी राहून सकाळी लिहिते की माझ्याकडे फार थोडं आहे, तिच्यासाठी तो निरोप नाही, असं मला मनापासून वाटतं.

आता एक गोष्ट सांगते. तुझ्या आईवडिलांनाही ती पुरती ठाऊक नाही.

मी सव्वीस वर्षांची होते. मेल वॉर्डमध्ये पक्षाघाताचे एक गृहस्थ होते. अंगाची उजवी बाजू गेलेली, जीभ जड झालेली, पण शिव्या स्पष्ट यायच्या. पाठीला जखम होऊ नये म्हणून त्यांना दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, पाठ पुसायची, चादरीची घडी राहू द्यायची नाही. तुला हे सगळं माहीतच आहे. त्या संध्याकाळी हॉस्टेलच्या प्रार्थनेत मी साक्ष दिली होती. प्रभूच्या प्रीतीबद्दल बोलता बोलता माझा गळा दाटला, मुलीही रडल्या. मी भरल्या मनाने ड्यूटीवर गेले. बारा वाजता त्यांची कूस बदलली. दोन वाजता ते कधी नव्हे ते शांत झोपले होते, वॉर्डबॉय मामांनाही डुलकी लागली होती, आणि माझे पाय भरून आले होते. मी चार्ट घेतला आणि लिहिलं, २ वाजता डावी कूस. मग त्याच पेनने, त्याच वेळी, ४ वाजताची नोंदही करून टाकली.

सकाळी हँडओव्हरच्या वेळी डे ड्यूटीच्या सिस्टरने त्यांना वळवलं. माकडहाडावर रुपयाएवढा लाल चट्टा होता, बोटाने दाबला तरी पांढरा पडेना. तिने खाटेच्या पायाशी टांगलेला चार्ट पाहिला आणि म्हणाली, "वेळेवर पोझिशन देऊनही झालं, बिचाऱ्यांचं नशीब." मी मान हलवली.

तिसऱ्या दिवशी मी इन्चार्ज सिस्टरना जाऊन खरं सांगितलं. मेमो मिळाला, तो योग्यच होता. मग त्या गृहस्थांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, तोंड भिंतीकडे वळवलं. जखम भरायला पाच आठवडे लागले आणि तेवढे दिवस ड्रेसिंग मी मागून घेतलं. त्यांनी मला क्षमा केली की नाही हे मला आजही ठाऊक नाही.

बाळी, त्या रात्री माझं मन थंड नव्हतं. मी आयुष्यात फार थोड्या वेळा इतक्या उत्कटतेने प्रार्थना केली असेल. तरी त्या चार्टवर मी खोटं लिहिलं. तेव्हापासून भावना किती उचंबळल्या यावरून माझी भक्ती मोजणं मी सोडून दिलं. रात्री तीन वाजता, कोणी बघत नसताना, चार्टवर लिहिलेलं आणि हाताने केलेलं एक आहे का, एवढंच बघते.

प्रेषितांच्या कृत्यांत हनन्या आणि सप्पीरा यांची हकीकत आहे. लहानपणी ती ऐकली की मला भीती वाटे. मूठभर पैसे मागे ठेवले म्हणून इतकी शिक्षा? मोठेपणी पुन्हा वाचली तेव्हा पेत्र काय म्हणतो ते नीट दिसलं. जमीन तुमचीच होती, विकल्यावर पैसाही तुमच्याच हातात होता, असंच तो म्हणतो. अर्धे आणून "हे अर्धे आहेत" म्हणाले असते, तर कोणी काही म्हणालं नसतं. त्यांनी काही मागे ठेवून उरलेल्याला पूर्ण म्हटलं. शुभवर्तमानातल्या विधवेच्या दोन टोल्या आणि यांची थैली यात फरक रकमेचा नाहीच.

मला पंडिता रमाबाईंचा आधार वाटतो तो इथेच. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. पुढे अमेरिकेत व्याख्यानं दिली, १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडलं, विधवा मुलींना आसरा दिला. जगभर नाव झालं. आणि १९०७ साली या बाई आपल्या साक्षीत छापून सांगतात की बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षं मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. विचार कर. त्यांना हे कबूल करायला कोणी भाग पाडलं नव्हतं. उलट टीकाकार टपलेले होते; हिंदू समाजातले होते, तसे आपल्या लोकांतलेही होते. तरी त्यांनी आपल्या चार्टवरची जुनी नोंद स्वतःच्या हाताने दुरुस्त केली.

मग त्यांचं काय झालं ते केडगावला जाऊन बघ. आपल्या नगरजवळचं केडगाव नव्हे, दौंड तालुक्यातलं. मी मंडळीच्या सहलीबरोबर गेले होते. दुष्काळात रस्त्यांवरून, झाडांखालून उचलून आणलेल्या मुलींची तिथे शेकड्यांनी वस्ती झाली. त्यांच्या पोटापाण्याचा, आजारपणाचा, भांडणांचा गाडा ओढत रमाबाई इब्री आणि ग्रीक शिकल्या आणि सबंध बायबल मराठीत आणलं. खेड्यातल्या साध्या बाईला कळावं म्हणून सोप्या मराठीत. अक्षरं जुळवायला आणि छापायला हात त्याच मुक्ती मिशनमधल्या बायकांचे. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी, मनोरमाबाई, गेली. काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई स्वतः गेल्या, आणि ते बायबल प्रसिद्ध झालं १९२४ मध्ये. माझ्या डोळ्यांपुढे नेहमी येतं ते असं की इब्री शब्दाचा अर्थ लावत असताना बाहेरून कोणीतरी ओरडत असेल, बाई, ज्वारी संपली. आणि बाई उठत असतील. त्या उठण्यात भक्ती कमी झाली आणि परत बसल्यावर वाढली, असं मला कधीच वाटलं नाही.

लक्ष्मीबाई टिळकही तशाच. त्यांच्या नवऱ्याने, टिळकांनी, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, घर मोडलं, लोक तोडून बोलले. नवऱ्यामागोमाग जाणं सोपं होतं. त्या थांबल्या. आधी सोवळं सुटलं, मग कोणाच्या हातचं पाणी प्यावं हा भेद मनातून गेला, आणि मनाने कबूल केल्यावरच, १९०० साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पाच वर्षं त्यांनी अर्ध्याला अर्धंच म्हटलं. त्यांचं स्मृतिचित्रे तुझ्या कपाटात आहे ना? नाइटनंतर झोप येत नसेल तेव्हा काढ.

आता माझं स्वतःचं. तुझे आजोबा गेल्यावर जमिनीवरून माझ्या भावाचं, दादाचं, नि माझं बिनसलं, एवढं तू ऐकलं आहेस. आपल्या ख्रिस्ती लोकांत १९२५ च्या उत्तराधिकार कायद्याने मुलीला मुलाइतकाच वाटा आहे, आणि तो मला मिळाला नाही. कायदा माझ्या बाजूने होता, म्हणूनच राग सांभाळायला सोपा गेला. अकरा वर्षं आम्ही एका चर्चमध्ये दोन बाजूंच्या बाकांवर बसलो. मी दशांश पैशांत मोजून देत होते, पहाटे पाचला उठून प्रार्थना करत होते, शब्बाथशाळेत मुलांना क्षमेचे पाठ शिकवत होते. घरातली एक खोली तेवढी कुलूपबंद होती, आणि सगळं घर प्रभूला दिलं असं मी म्हणत होते.

लेंटचेच दिवस होते. प्रभुभोजनाच्या रविवारी भाकरीचं ताट बाकांमधून फिरत आलं. त्या दिवशी कोणतं वचन वाचलं, उपदेश कशावर होता, काही आठवत नाही. पण ताट हातात आलं आणि मला तो चार्ट आठवला. २ वाजता डावी कूस. मी ताट तसंच पुढे दिलं.

घरी न जाता तशीच शेतावर गेले. कांदे काढून झाले होते, दादा-वहिनी बांधावर बसून पात कापत होते. रविवारी उपासनेनंतर लगेच कामाला लागले होते, कारण आभाळ भरून आलं होतं. मी काही न बोलता विळा घेतला आणि बसले. तास-दीड तास कोणी बोललं नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते कांद्याचंच होतं, उगाच मोठं करून सांगत नाही. मग वहिनीने बशीत चहा ओतून माझ्यापुढे केला. दादा म्हणाला, "हात सावकाश, पात लांब ठेव, नाहीतर कांदा टिकत नाही." एवढंच.

जमिनीचं म्हणशील तर ती आजही दादाकडेच आहे. त्या बांधावरून जाताना मला अजून टोचतं. पूर्वी टोचलं की मी म्हणायचे, मी क्षमा केली आहे. आता म्हणते, प्रभू, एवढी झाली आहे, एवढी राहिली आहे. पुढच्या महिन्यात ताट आलं तेव्हा मी भाकर घेतली, आणि दादाही माझ्या बाकावर येऊन बसला.

तुझ्या मैत्रिणीच्या उपासाकडे बघून खंतावू नकोस. तिचा तो खरा असेल, तिला करू दे. तू रात्री दर पेशंटनंतर हात धुतेस. साबण लावून पाणी सोडेपर्यंतच्या वेळात आत्ता जिच्यापासून उठलीस तिचं नाव घे. मी तीस वर्षं ते केलं. काही रात्री नाव घ्यायचंही विसरायचे, तर सकाळी तसंच सांगायचे. बसमध्ये डुलकी येते तर येऊ दे; ती प्रार्थना झाली असं मात्र मनात लिहून ठेवू नकोस. अपुरी राहिली असं लिही आणि झोप.

तुझी सुट्टी मंगळवारी असते ना? पाळकसाहेबांशी बोलून ठेवलं आहे. ते म्हणाले, रविवारी जमत नसेल तर मंगळवारी सकाळी या, मी चर्च उघडतो, तुमच्याबरोबर प्रभुभोजन घेतो. पहाटेची एसटी धरलीस तर नऊपर्यंत पोचशील. मी दादाला सांगितलं तर तो म्हणाला, मग मीही येतो, कांद्याची एक गोणी पोरीबरोबर द्यायचीच आहे. हॉस्टेलवर ठेवायला जागा आहे का ते कळव.

तुझी,
आत्या