पेटी फोडण्याआधी

चि. बाळ यास,


चावीच्या ग्रामोफोनची खरी किंमत मोटर, टोनआर्म आणि साउंडबॉक्स या तीन भागांत असते. कर्णा डोळ्यांत भरतो, पण नक्कल करायला सर्वांत सोपा भाग तोच. शोभेचे ‘अँटिक’ ग्रामोफोन आपल्या देशात कित्येक वर्षे नव्याने बनवले जात आहेत: पातळ पत्र्याचा चकचकीत पितळी कर्णा, चौकोनी किंवा अष्टकोनी लाकडी खोका आणि त्यावर कुत्र्याचे चित्र. आतली मोटर आणि साउंडबॉक्स मात्र जुनेच लागतात आणि ते बहुधा सुटकेससारख्या पोर्टेबल यंत्रांची मोडतोड करून मिळवले जातात. अण्णांचे एचएमव्ही १०२ हे पोर्टेबल यंत्र देऊन तू जो कर्णा घरी आणलास, त्याच्या पोटात बहुधा असेच दुसऱ्या कुणाच्या तरी अण्णांचे यंत्र असेल. ‘अडगळ गेली, दिवाणखान्याला शोभा आली’ हे तुझ्या पत्रातले वाक्य वाचून जेवण गोड लागले नाही.

१०२ हे यंत्र १९३१ साली बाजारात आले. त्याचा कर्णा पेटीच्या आतच असतो, म्हणून अजाण माणसाला ते बिनकर्ण्याचे आणि म्हणून कमी दर्जाचे वाटते. जाणकार संग्राहक मात्र त्याला पोर्टेबल यंत्रांतले सर्वोत्तम मानतात. त्या काळी मायक्रोफोनने मुद्रित केलेल्या तबकड्यांचा आवाज पेलण्यासाठीच त्याची रचना झाली होती. तुझ्या कर्ण्याचे म्हणशील, तर खऱ्या-खोट्या कर्ण्याच्या यंत्रांतला फरक ओळखणे अवघड नाही. जुन्या यंत्रात कर्ण्याला मागून धरणारा आधार बिडाचा आणि जड असतो, सांधे घट्ट बसतात, पेटीच्या कडा वापराने गुळगुळीत झालेल्या असतात. अधिकाच्या खुणेसारखी खाच असलेले स्क्रू १९३० च्या दशकात प्रचारात आले. ‘१९१० चे यंत्र’ म्हणून विकणाऱ्याच्या वस्तूला तसे स्क्रू असले, तर बोलणे तिथेच थांबवावे. तुझ्या कर्ण्याचे स्क्रू आजच पाहा.

यंत्र विकत घेताना ते वाजवून पाहावे, नुसते पाहू नये. एकदा चावी भरली की दहा इंची तबकडीची एक बाजू, म्हणजे सुमारे तीन मिनिटे, गती न मंदावता वाजली पाहिजे. तबकडीवर कागदाचा कपटा ठेवून अर्ध्या मिनिटात एकोणचाळीस फेरे मोजले, तर ७८ ची गती बरोबर आहे. चावी भरताना धपधप आवाज आला, तर स्प्रिंगचे ग्रीस वाळलेले असते. तो दोष दुरुस्त होतो. साउंडबॉक्सचे जस्तमिश्रित ओतीव धातूचे आवरण फुगून तडकले असेल, तर मात्र दुरुस्ती जवळपास अशक्य. पोलादी सुई एका बाजूला एकच वापरायची असते. जुनी सुई पुन्हा लावणे म्हणजे तबकडी कानशीने घासणे. अण्णा सुयांच्या डबीला कुणाला हात का लावू देत नसत, ते आता तुला कळेल.

तबकड्यांचा विषय यंत्रापेक्षा मोठा आहे. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग या ध्वनिमुद्रकाने कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. मेणाच्या मूळ तबकड्या तेव्हा जर्मनीत हॅनोव्हरला पाठवाव्या लागत. तिथल्या कामगारांना कोण गाते आहे हे समजावे, म्हणून गायिका शेवटी आपले नाव इंग्रजीत सांगत असे. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला आणि छपाई इथेच होऊ लागली. या तबकड्या लाखेच्या. लाख, दगडाची भुकटी आणि काजळी यांचे ते मिश्रण आहे, आणि पळस-कुसुमांच्या फांद्यांवर लाख धरणारा तो किडा तुझ्या बालाघाट जिल्ह्याच्या जंगलातही आहे. तुम्ही लोक ज्या झाडांखालून रोज जाता, त्यांच्यावरच्याच लाखेने गौहर जान आणि बालगंधर्वांचा आवाज धरून ठेवला, हे कुणी तुम्हाला सांगितले नसेल तर त्यात शाळेचाही दोष आहे.

लाखेमुळेच जपणुकीचे नियम ठरतात. तबकडी स्पिरिटने पुसू नये, लाख विरघळते. कोमट पाणी आणि सौम्य साबण चालतो, लेबल मात्र कोरडे राहिले पाहिजे. एकावर एक चळत लावली की खालची तडकते. जाड कागदी पाकिटात घालून उभी ठेवावी. बालाघाटचा मे महिना तबकडी वाकवतो आणि पावसाळा पाकिटावर बुरशी आणतो. तुझी तबकड्यांची पेटी पत्र्याच्या खोलीत आहे असे तू सहज लिहून गेलास. तिला आज संध्याकाळी आत आण.

विक्री-खरेदीत प्रत ठरवण्याची एक रीत आहे. ‘ई’ म्हणजे उत्तम, ‘व्ही’ म्हणजे वाजवलेली पण चांगली, ‘जी’ म्हणजे बरीच झिजलेली. बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही. तबकडी दोन तळव्यांत कडेने धरून बोटाने हलकेच टिचकी मारावी: निरोगी तबकडी स्वच्छ वाजते, तडकलेली भद्द बोलते. किंमत दुर्मीळतेवर ठरते, कलावंताच्या मोठेपणावर क्वचित. बालगंधर्वांच्या तबकड्या फार खपल्या, म्हणून त्या आजही सापडतात. मुंबईच्या ‘यंग इंडिया’सारख्या कंपन्यांनी काढलेल्या, फारसे नाव न झालेल्या गायकांच्या तबकड्या मिळणे कठीण. जी. एन. जोशी नागपूरचे, त्यांनी ना. घ. देशपांड्यांची ‘शीळ’ गायली. विदर्भाच्या आणि तुमच्या भागातल्या घरांत अशी गाणी आवर्जून घेतली गेली. कबाडी हे काही पाहत नाही. दहा इंची तबकडी सुमारे दोनशे ग्रॅम भरते आणि त्याचा तराजू तेवढेच जाणतो.

म्हणून विक्रीपेक्षा अदलाबदल श्रेष्ठ, हे पुन्हा सांगायचे आहे, भले तू ‘काकांचे नेहमीचे’ म्हण. विक्रीत तबकडी कुठे जाते ते समजत नाही. अदलाबदलीत दोघांना एकमेकांची यादी माहीत असते, दुहेरी प्रत गरजूकडे जाते आणि ऐकायची इच्छा झाली तर परत मागता येते. मुंबईत १९९० मध्ये ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था निघाली. सुरेश चांदवणकर यांनी तिचे मानद सचिवपद सांभाळले. ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे तिचे नियतकालिक. एकत्र बसून ऐकणे, याद्या छापणे, माहिती एकमेकांना देणे यावर तिचे काम उभे राहिले. केरळात पालाजवळच्या प्लासनाल गावी सनी मॅथ्यू यांनी तबकड्या आणि यंत्रांचे संग्रहालयच उभारले. दोन्हीकडे एकच गोष्ट दिसते: एका माणसाच्या हौसेचे रूपांतर सर्वांच्या ठेव्यात तेव्हाच होते, जेव्हा संग्रह एकत्र राहतो आणि त्याची नोंद असते.

पेटी फोडणे, म्हणजे तिच्यातल्या तबकड्या सुट्या विकणे, हा या छंदातला सर्वांत मोठा अपराध आहे. नाटकांचे संच अनेक तबकड्यांत निघत. मधली एक विकली की उरलेल्यांना ना अर्थ उरतो ना भाव. पाकिटावरचा दुकानाचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेली तारीख, लेबलावर खरवडलेले नाव यांतून कळते की एका गावात, एका घरात, कोणत्या वर्षी काय ऐकले जात होते. तुमच्या वारासिवनीच्या लग्नात कोणती लावणी वाजली, आत्याच्या साखरपुड्याला कोणते नाट्यगीत, हे इतिहासाच्या पुस्तकात कधी येणार नाही. ते फक्त त्या पेटीत आहे, आणि तबकड्या चार वेगळ्या गिऱ्हाइकांकडे गेल्या की ते कुठेच नसेल. १०२ नेणारा नागपूरचा व्यापारी पुढच्या आठवड्यात तबकड्यांसाठी पुन्हा येणार असे तू लिहितोस, तेव्हा छातीत धडकी भरते. त्याला दोष नाही, तो धंदा करतो. आपण काय विकतो आहोत ते विकणाऱ्याने आधी पाहायला हवे.

व्यवहारापूर्वीची नोंद अशी करावी. प्रत्येक तबकडीचे लेबल, गायकाचे नाव, गाणे, लेबलावरचा क्रमांक आणि लेबलाजवळच्या गुळगुळीत पट्टीत कोरलेला वेगळा क्रमांक लिहावा. हा दुसरा क्रमांक मूळ मुद्रणाचा असतो, त्यावरून काळ आणि आवृत्ती ओळखता येते. दोन्ही बाजूंचे फोटो घ्यावेत, तडा असेल तर तसे नमूद करावे. ज्यांच्या दोन प्रती असतील, त्यांपुढे खूण करावी. अदलाबदलीला तेवढ्याच काढायच्या.

तू त्या व्यापाऱ्याला फोन करून तबकड्या द्यायच्या नाहीत असे सांग. १०२ त्याने अजून उघडले नसेल, तर कर्णा परत देऊन आणि वर जे काही मागेल ते देऊन ते सोडवून आण. पैसे इथून पाठवतो. आणि यादी करून मला पाठव, अक्षर कसेही असो.

तुझा,
काका