शोक, करुण आणि एसीपी प्रद्युमन

२०२५ च्या एप्रिलमधली गोष्ट. शनिवार होता, रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते आणि आम्ही द्वितीय वर्षाच्या उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. प्रश्न नेहमीचाच होता : करुण रसाच्या आस्वादाचे स्वरूप स्पष्ट करा. सदतिसावी उत्तरपत्रिका हातात असताना नाशिकरोडहून वडिलांचा फोन आला. इतक्या रात्री ते कधी फोन करत नाहीत, त्यामुळे काळजात चर्र झाले.

"प्रद्युमन गेले. कळलं का?"

कोण प्रद्युमन, हे आमच्या ध्यानात यायला क्षणभर वेळ लागला. ध्यानात आले तेव्हा जिवात जीव आला आणि लगेच चीडही आली. "बाबा, अहो मालिकेतलं पात्र आहे ते. साटम ठणठणीत आहेत," आम्ही म्हणालो. पलीकडे थोडी शांतता पसरली. मग वडील म्हणाले, "साटम बरे आहेत, ते मला ठाऊक आहे. मी प्रद्युमनांचं म्हणतोय." आणि फोन ठेवला.

'सीआयडी' ही मालिका सोनी वाहिनीवर जानेवारी १९९८ मध्ये सुरू झाली, ऑक्टोबर २०१८ पर्यंत अखंड चालली आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा अवतरली. शिवाजी साटम यांचा एसीपी प्रद्युमन, हवेत बोटे फिरवत संशय व्यक्त करण्याची त्याची लकब, एका लाथेत दरवाजा पाडणारा दया, प्रयोगशाळेतले डॉ. साळुंखे, हे सारे ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांनाही पाठ आहे. दयाचा तो दरवाजा पाहिला की हेरकथेत अतिमानवी शक्तीची सोय आपणही केलेली आहे, याची खात्री पटते. नव्या पर्वात बार्बोझा नावाच्या खलनायकाने घडवलेल्या स्फोटात प्रद्युमनचा मृत्यू दाखवला गेला. वाहिनीने समाजमाध्यमांवर '१९९८-२०२५' असे साल घालून, खरा माणूस गेल्यावर लिहितात त्या भाषेत, श्रद्धांजली वाहिली. काहींना साटमच गेले असे वाटले. बाकीचे संतापले : प्रद्युमनशिवाय सीआयडी म्हणजे काय, त्यांना परत आणा. त्यांच्या जागी एसीपी आयुष्मान आला, त्यालाही या रागाचा प्रसाद मिळाला.

या साऱ्या गदारोळाला आम्ही हसलो होतो, हे कबूल केले पाहिजे. स्टाफरूममध्ये दोन दिवस तोच विषय होता आणि आमचा सूर काव्यशास्त्राचा होता. शंकुकाचा चित्रतुरग-न्याय आम्ही दरवर्षी शिकवतो : चित्रातला घोडा खराही नसतो आणि खोटाही नसतो, प्रेक्षक त्याला या दोन्हींपलीकडच्या प्रतीतीने पाहतो. ज्याला ती प्रतीती होत नाही, तो अरसिक. उदाहरण म्हणून आम्ही नाशिकचाच दाखला देत असू. दादासाहेब फाळके यांच्या 'लंकादहन' (१९१७) या चित्रपटात पडद्यावर राम आला की प्रेक्षक पादत्राणे काढून ठेवत, असे सांगितले जाते. राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या होत्या. वर्गात या ठिकाणी हमखास हशा पिकतो. गेली पंधरा वर्षे आम्ही तो हशा पिकवत आलो आहोत, आणि ज्या गावाने पंचवटीत सीतेची गुंफा जपली त्या गावात बसून पिकवत आलो आहोत.

वडिलांच्या त्या एका वाक्यानंतर हा दाखला आमच्या घशाखाली उतरेना. पादत्राणे काढणारा प्रेक्षक साळुंके यांना राम समजत होता कशावरून? तो रामालाच राम समजत होता. नट कोण, हा त्याचा प्रश्नच नव्हता. गोंधळ त्याचा झालेला नव्हता, आमचा झाला होता.

वडील प्रेसमधून निवृत्त झाले त्याला आता वीस वर्षे होतील. जेलरोडला राहणारे त्यांचे एक सहकारी वर्षानुवर्षे रात्री जेवून आमच्याकडे येत आणि दोघे मिळून सीआयडी पाहत. मालिका २०१८ मध्ये बंद पडली तरी पुनःप्रक्षेपणे चालू होती. खुनी कोण हे दोघांनाही ठाऊक असे, तरी पैज लागे. नवे पर्व सुरू होण्याच्या दीड महिना आधी काका गेले. वडील एकटेच पाहू लागले. दुसरी खुर्ची मात्र त्यांनी हलवली नाही.

अभिनवगुप्ताने रसास्वादात येणारी विघ्ने सांगितली आहेत. आपल्याच सुखदुःखात प्रेक्षक बुडालेला असणे, हे त्यांपैकी एक. त्या हिशेबाने वडिलांचा शोक हा करुण रस नव्हेच, तो नुसता शोक. पण विघ्न एकट्या वडिलांकडूनच आले काय? हेरकथा वाचकाला पहिल्याच पानावर एक वचन देते : मरेल तो दुसरा कोणी आणि शोधणारा उरेल. प्रेत हा तिथे प्रश्न असतो आणि शोधणारा हे उत्तर. सत्तावीस वर्षे पाळलेले हे वचन मोडायचे तर लेखकाजवळ तसे कारण हवे, मरण सोसण्याची तयारी हवी. वाल्मीकीच्या क्रौंचाला पुढच्या सर्गात कोणी उठवून बसवले नाही. प्रद्युमन मात्र काही आठवड्यांतच मालिकेत परतले.

जूनमध्ये वर्ग सुरू झाल्यावर आम्ही हा प्रसंग विद्यार्थ्यांपुढे ठेवला. मागच्या बाकावरच्या एका मुलीने आम्हाला नवीच वाट दाखवली. मार्वलच्या 'द अ‍ॅव्हेंजर्स' (२०१२) या चित्रपटात एजंट कोल्सन हा साधासुधा सरकारी हेर मारला जातो. चाहत्यांनी तो जिवंत असल्याची मोहीमच चालवली आणि २०१३ मध्ये सुरू झालेल्या 'एजंट्स ऑफ शील्ड' या मालिकेत तो परत आला. "पण सर, तिथे तो फुकट परत येत नाही," ती म्हणाली. ताहितीत विश्रांती घेऊन आपण बरे झालो, ही कोल्सनची आठवण खोटी निघते. प्रत्यक्षात तो मेलेला होता, त्याला छळवादी शस्त्रक्रियांनी उठवले गेले आणि त्या वेळी तो मरू द्या म्हणून विनवत होता. चाहत्यांनी मागितलेले त्यांना मिळाले, त्यासोबत त्या मागणीची किंमतही त्यांना पाहावी लागली.

अतिमानवांच्या मालिकेतून एवढे शिकायला मिळेल असे आम्हाला वाटले नव्हते. कॉनन डॉयलने १८९३ मध्ये होम्सला धबधब्यात लोटले आणि १९०३ मध्ये परत आणले, तेव्हा त्यानेही वॉटसनला मूर्च्छा आणली. मेलेला मित्र समोर उभा राहिल्यावर माणसाचे काय होईल, याचा त्याने निदान एक परिच्छेद तरी विचार केला. (होम्ससाठी लंडनकरांनी काळ्या फिती बांधल्या ही कथा आम्हीही वर्गात सांगत असू. तिला समकालीन पुरावा सापडत नाही, तेव्हा तीही आता गाळली पाहिजे.)

प्रद्युमन परतल्याची बातमी आम्ही मोठ्या उत्साहाने वडिलांना सांगितली. ते खूश होतील, अशी आमची समजूत.

"मग रडवलं कशाला?" ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी नवे भाग पाहिले नाहीत. दुपारी चहानंतर ते मोबाइलवर जुने भाग लावतात, मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवतात आणि खुर्ची थोडी पुढे ओढतात. परवा आम्ही गेलो तेव्हा पडद्यावर फ्रेडरिक्स काहीतरी विनोद करत होता. ती भूमिका करणारे दिनेश फडणीस डिसेंबर २०२३ मध्ये गेले. आम्ही काही विचारायच्या आत वडीलच म्हणाले, "हा मात्र खरंच गेला. त्या दिवशी आम्ही दोघांनी टीव्ही लावला नव्हता."