भुकेचा जमाखर्च

मुलाच्या नोकरीनिमित्त गेल्या वर्षी पूर्व स्लोव्हाकियातील कोशित्से शहरी दोन महिने वास्तव्य घडले. संत एलिझाबेथचे भव्य कॅथेड्रल, प्रशस्त राजरस्ता, सायंकाळी संगीताच्या कारंज्यापाशी जमणारी कुटुंबे. सारे नेटके, प्रसन्न. याच शहराच्या कडेला ‘लुनिक नऊ’ ही रोमा समाजाची वस्ती आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस तेथे गेले होते. मुलाचा एक सहकारी तेथील मुलांना शिकविण्यास जातो. एके दिवशी त्याच्यासमवेत मीही गेलो.

रोमांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेकडे गेले. त्याची साक्ष त्यांची भाषा देते. पाण्याला ते ‘पानी’ म्हणतात, मिठाला ‘लोन’, भुकेला ‘बोख’. आपला ‘स्थूल’ त्यांच्याकडे ‘थुलो’ झाला आहे.

रंग उडालेल्या इमारतींच्या एका खोलीत एक स्थूल बाई लोखंडी चुलीवर ‘मारिक्ल्या’ भाजत होती. पीठ, पाणी, मीठ आणि सोडा यांची ही जाड पोळी. शेजारी तिचा मुलगा, मनगटे काडीसारखी. माझ्या मनात नको तो विचार आलाच: आई एवढी सुटलेली आणि लेकरू असे वाळलेले!

परतताना मी तो बोलून दाखविला. सहकारी शांतपणे म्हणाला, “काका, तुम्ही बँकेत होता ना? मग यांचा महिना मांडून पाहा.”

मांडला. महिन्याला सरकारी मदत येते. वस्तीतील सावकार चढ्या व्याजाने उसने देतो. त्याची वसुली आधी. उरलेल्यात पीठ, बटाटे, साखर, चरबी; थोड्या पैशांत पोट भरणारे जिन्नस. ज्या घरी वीज नाही तेथे शीतकपाट नाही. भाजी, दूध टिकणार कसे? पूर्वेकडील कित्येक वस्त्यांत तर घरात नळही नाही. महिनाअखेर पुन्हा सावकाराचे दार. कोशित्से विद्यापीठाच्या पुढाकाराने २०११ मध्ये झालेल्या पाहणीतही आढळले, की वस्तीतील रोमांच्या आहारात फळे, भाज्या व दुग्धपदार्थ शेजाऱ्यांहून कमी वेळा येतात. म्हणूनच बालपणी कमी वजन आणि मोठेपणी स्थूलपणा, मधुमेह, हे एकाच दारिद्र्याचे दोन चेहरे एका घरात नांदतात. पोट भरते, पोषण होत नाही.

अलीकडे शासनाने रोमांमधूनच आरोग्य-मध्यस्थ नेमले आहेत. ते घरोघर जातात, लसीकरणाची आठवण देतात, रुग्णाला डॉक्टरांपर्यंत नेतात. आपल्या माणसाच्या तोंडून आलेला सल्ला लोक ऐकतात. परंतु सल्ल्याने भाजी विकत घेता येत नाही, हेही तितकेच खरे.

एकतीस वर्षे मी कर्जदारांचे ताळेबंद तपासले. जमाखर्च पाहिल्याविना कुणाच्या अर्जावर शेरा मारला नाही. त्या खोलीत मात्र केवळ एका बाईचा देह पाहून मनातल्या मनात शेरा मारून मोकळा झालो होतो.

निघताना तिने एक मारिक्ल्या मोडून पहिला तुकडा मुलाला दिला, दुसरा मला. तव्यावर दुसरी नव्हती. तो तुकडा मी खाल्ला. त्याचे ऋण कोणत्या खात्यात लिहावे, हे अजून ठरत नाही.