सूनबाईचा अर्ज आणि घराची सही



आमच्या सूनबाईने अमेरिकेतल्या शिक्षक-प्रशिक्षणासाठी अर्ज केला आहे, ही बातमी काशीमीऱ्यात आमच्या सोसायटीत आता सगळ्यांना कळली आहे. मंदिरात, भाजीवाल्याजवळ, लिफ्टमध्ये कुणी ना कुणी थांबवून विचारते. प्रश्न चारच असतात. खर्च किती येतो? ती परत येणार ना? जेवणाचे काय? आणि सहा आठवडे नातवाला कोण बघणार? प्रत्येकीला वेगवेगळे सांगण्यापेक्षा इथेच लिहिते. कुणाच्या घरात शिक्षिका असेल तर तिलाही उपयोग होईल.

आधी योजना काय ते सांगते. फुलब्राइट हे नाव तुम्ही ऐकले असेल. १९४६ मध्ये फुलब्राइट नावाच्या अमेरिकन सिनेटरने हा कार्यक्रम सुरू करवला. भारताशी त्याचा करार २ फेब्रुवारी १९५० रोजी झाला, म्हणजे आपले प्रजासत्ताक जेमतेम आठवड्याचे होते तेव्हा! मला वाटायचे की हे प्राध्यापक आणि संशोधक यांच्यासाठीच असते. पण त्यात माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्यांसाठीही एक वेगळा कार्यक्रम आहे. साधारण सहा आठवडे तिथल्या विद्यापीठात प्रशिक्षण, आणि मधले काही दिवस तिथल्या एखाद्या शाळेच्या वर्गात प्रत्यक्ष काम. पदवी हवी, पूर्णवेळ शिकवण्याचा काही वर्षांचा अनुभव हवा, इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. आपल्याकडे हे काम युनायटेड स्टेट्स-इंडिया एज्युकेशनल फाउंडेशन बघते. मुंबईतही त्यांचे कार्यालय आहे. जपान सरकारचीही शिक्षकांसाठी शिष्यवृत्ती आहे. ती साधारण दीड वर्षाची, पण तिला वयाची अट पस्तिशीच्या आतली. आमची सून अडतीसची, म्हणून ती वाट बंद.

आता खर्च. मी बी.कॉम. झालेली, त्यामुळे जमा आणि नावे अशा दोन बाजू मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. जमेच्या बाजूला विमानभाडे, राहणे, जेवण, आजारपणाचा विमा आणि प्रशिक्षण, हे सगळे योजनेतून. अर्जाला फी नाही. नावे बाजूला पासपोर्ट, कागदपत्रांची धावपळ, गरम कपडे, शाळेची रजा. आणि कुटुंबाला सोबत न्यायचा खर्च योजना देत नाही.

ही फी नसण्याची गोष्ट नीट लक्षात ठेवा. आमच्या ओळखीतल्या एका शिक्षिकेला फोन आला होता की परदेशात शिक्षक परिषद आहे, पुरस्कार मिळेल, प्रमाणपत्र मिळेल, फक्त एवढे पैसे भरा. त्या बाई पोस्टातली ठेव मोडायला निघाल्या होत्या. जिथे पुरस्कार घेणाऱ्यालाच पैसे भरावे लागतात, ती सहल असते. सहलीला जरूर जावे, पण सहल म्हणूनच.

परत येणार का? यावेच लागते. येऊन पुन्हा आपल्या वर्गात शिकवायचे, हाच या प्रशिक्षणाचा हेतू. शिवाय या व्हिसावर गेलेल्या माणसाला पुढे तिथे स्थायिक व्हायचे असेल तर आधी दोन वर्षे मायदेशी काढावी लागतात. "पोरगी हातची जाईल" असे म्हणणाऱ्या काकूंना मी हा नियम दोनदा समजावला.

तिथले पाहून इथे काय होऊ शकते, याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. महर्षी कर्व्यांच्या हाती जपानमधल्या महिला विद्यापीठाची एक माहितीपुस्तिका आली. ती वाचून त्यांच्या मनाने घेतले आणि १९१६ मध्ये आपल्याकडे महिला विद्यापीठ सुरू झाले. तेच आपले एसएनडीटी. पुढे १९२९ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, ते स्वतः युरोप-अमेरिका-जपानच्या प्रवासाला निघाले. आपल्यापैकी कितीजणी घर सांभाळून एसएनडीटीतून पदवी घेतलेल्या आहेत, त्या हात वर करा बरे!

जेवणाचा प्रश्न आपल्या घरात सगळ्यात मोठा. कंदमूळ नाही, रात्रीचे जेवण नाही. हिवाळ्यात तिथल्या उत्तरेकडच्या भागात साडेचार-पाचलाच सूर्य मावळतो. मी सूनबाईला म्हटले, "निवड झाली की पहिल्याच पत्रात सगळं स्पष्ट लिहून टाक. लाजायचं नाही." आपले वीरचंद राघवजी गांधी १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेला गेले होते. तेव्हा ना फ्रीज होता, ना इंडियन स्टोअर, तरी ते शाकाहारी राहिले. आणि तिथल्या लोकांना सोबत घेऊन त्यांनी भारतातल्या स्त्रियांच्या शिक्षणासाठी संस्था उभी केली. आताच्या मुलींना तर दशम्या, भाजणी, मेतकूट आणि लसूण न घातलेली शेंगदाण्याची चटणी एवढे पुरे. बाकी फळे आणि दूध तिथे भरपूर. संध्याकाळची वेळ हुकली तर ती फळांवर भागवेल की पाणी घेऊन राहील, ते तिचे तिने ठरवावे. नियम तिचा आहे, मी इथून घड्याळ बघून फोन करणार नाही.

उरला चौथा प्रश्न, नातवाचा. तो साडेचार वर्षांचा आहे. खरी अडचण इथेच आली, आणि ती शेजाऱ्यांनी नाही तर घरातच काढली. चिरंजीव म्हणाले, "आई, सहा आठवडे आईविना राहील का तो? तुझे गुडघे हे असे. पुढच्या वर्षी बघू." सूनबाई काही बोलली नाही. उठून ओटा पुसायला लागली. ओटा स्वच्छच होता.

मी मुलाला एवढेच विचारले, "तू दुबईला तीन महिने कामाला गेलास तेव्हा माझ्या गुडघ्यांबद्दल कुणी विचारलं होतं का?" तो गप्प झाला. मग आम्ही कागद घेऊन बसलो. सकाळी शाळेच्या गाडीपर्यंत सोडणे आजोबांकडे. दुपारचे जेवण-झोप माझ्याकडे. संध्याकाळी सातनंतर बाप घरी हवा, मीटिंग असली तरी. अंघोळ आणि अभ्यासही त्याच्याकडे. हे त्याने आपल्या हाताने लिहिले आणि मी त्याच्याकडून खाली सही करून घेतली. हे हसत होते, पण कागद फ्रीजवर लावला आहे.

मैत्रिणींनो, अर्जात मुख्याध्यापकांची संमती लागते. रजा लागते. ती किती अवघड होऊ शकते ते आपण वर्तमानपत्रांत वाचलेच. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी, २०२० चे ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळाले. दहा लाख डॉलर! त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून दिली. आपण परिग्रह-परिमाणावर प्रवचने ऐकतो, त्या माणसाने ते करून दाखवले. पुढे त्यांची फुलब्राइटसाठी निवड झाली, तर २०२२ च्या जानेवारीत रजेच्या अर्जावरून केवढी चर्चा झाली, आणि शेवटी शिक्षणमंत्र्यांना लक्ष घालावे लागले. एवढ्या नावाजलेल्या गुरुजींची ही कथा, तर साध्या शिक्षिकेने रजेचे आधीच बोलून ठेवलेले बरे. पण बाईमाणसाच्या बाबतीत मुख्याध्यापकांच्याही आधी घराची सही लागते, आणि त्या सहीसाठी फॉर्ममध्ये रकाना नसतो. ती आपण, सासवांनी आणि आयांनी, न मागता करायची असते.

अर्जातला सगळ्यात अवघड भाग निबंधांचा. तुम्ही काय केले, आणि परत येऊन काय कराल. सूनबाईने पहिल्यांदा लिहिले, "मी मनापासून शिकवते." मी म्हटले, "खतावणीत 'मनापासून'ला खाते नसते गं. केलंस काय ते लिही." मग तिने तिची वही काढली. ती मीरा रोडच्या एका शाळेत आठवी-नववीला गणित शिकवते. तिच्या वर्गात मराठी, हिंदी, गुजराती घरांतली मुले. कितीतरी जणांची शाळा वर्षाच्या मध्येच बदललेली. अपूर्णांकात आपण ज्याला छेद म्हणतो त्याला हिंदीत हर म्हणतात. आपला लसावि तिकडे लघुत्तम समापवर्त्य होतो. मुलाला गणित येत असते, शब्द येत नसतो, आणि आपण त्याला कच्चा म्हणतो. म्हणून तिने चार रकान्यांची शब्दवही केली आहे, मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी. मुलेच त्यात भर घालतात.

सात वर्षे ती हे करते आहे आणि माझ्याच घरात राहते. मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. तिलाही ते सांगण्यासारखे वाटले नव्हते. तिथल्या शाळांतही दहा देशांतून आलेली मुले एका बाकावर बसतात. त्यांना ते कसे शिकवतात हे बघायचे आहे, असे तिने लिहिले. निबंध तेव्हा उभा राहिला.

निकाल यायला अजून काही महिने आहेत. निवड होईल, न होईल, अर्ज करणारे पुष्कळ असतात. पण ती शब्दवही तिच्या शाळेतल्या दोन शिक्षिकांनी उतरवून घेतली आहे. आहार, औषध, अभय आणि ज्ञान या चार दानांमधले चौथे आपल्या घरातून रोज सकाळी सातच्या रिक्षाने शाळेला जाते, एवढे तरी मला या अर्जामुळे समजले.

तुमच्या घरात शिक्षिका असेल, सून, लेक, नणंद, कुणीही, तर तिला विचारा की वर्गात ती नेमके काय करते. ती "काही विशेष नाही" म्हणेल. तरी वही मागून बघा.