पातीचा चहा

आमच्या घरात ग्रीन टी शिरला तो डॉक्टरांच्या चिठ्ठीतून नव्हे, तर सौभाग्यवतींच्या मैत्रिणीकडून. म्हणूनच त्याला बाहेर काढण्याची सोय नाही. कागदी पुडी, पुडीला दोरा, दोऱ्याला चिठ्ठी. स्वारी नाव गळ्यात बांधूनच येते. वास्तविक झाड आपल्या काळ्या चहाचेच. खुडलेली पाने लगेच वाफेवर किंवा कढईत तापवली की हिरवी राहतात. चुरगळून हवेवर ठेवली की काळवंडतात. लहानपणीच्या संस्कारांचा काय तो फरक! पण या हिरव्याला दूध चालत नाही, उकळी सोसत नाही. ८० अंशांचे पाणी पुरे. कढत ओतले की कडवटतो.

तेव्हापासून संध्याकाळचे एक आधण मोडले. सौभाग्यवतींचा पेला वेगळा, वेळही वेगळी. आई मात्र माणसे मोजूनच पाणी ठेवते आणि उरलेला चहा मुकाट्याने मोरीत ओतते.

"हिरवा चहा मी जन्मभर पीत आले," आई म्हणते. तिचा तो गवती चहा. मराठीचा मास्तर म्हणून मला शंका काढावीशी वाटते, की ते नुसते गवत. चहाशी त्याचे नाते नावापुरते. पण शेजारचे गुजराती कुटुंबही त्याला 'लीली चा', म्हणजे हिरवा चहाच म्हणते. बहुमत आईकडे!

गोराई दोन आहेत. एक आमची, वसाहतीची. दुसरी खाडीपलीकडची, मूळची, कोळ्यांची नि ईस्ट इंडियन ख्रिस्ती मंडळींची. तिकडून नावेने येणारी भाजीवाली आईला पातीची जुडी देते. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमधल्या चहापायी टिळक-रानड्यांवरही प्रायश्चित्ताची पाळी आली होती. आईचे माहेर त्याच पुण्याचे. ती कथा तिने आजीकडून ऐकलेली. आता गळ्यात क्रूस घातलेली ही बाई आमच्या स्वयंपाकघरात बसून आईबरोबर चहा पिते, आणि "आजी, आलं कमी पडलं," असेही बजावते. गॅलरीतल्या डब्यात लावलेला गड्डा तिनेच दिलेला.

गेल्या श्रावणात सौभाग्यवतींना पडसे झाले. त्यांनी पातीच्या उकळत्या पाण्यातून पेलाभर घेतले आणि त्यात आपली पुडी सोडली. आईने पाहिले, बोलली नाही. दुसऱ्या दिवशी चहापूड नि दूध घालण्यापूर्वी तिने एक पेला गाळून बाजूला ठेवला. जरा निवूही दिला.